वहीतली गाडी आणि रस्त्यावरची गाडी

कंपनीच्या मालकीच्या मोटारीचा अभ्यास करू पाहणाऱ्याने प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की तिला दोन देह असतात. एक लॉगबुकात, म्हणजे गाडी किती वाजता, किती किलोमीटरवर, कोणासाठी व कशासाठी निघाली याची नोंद ठेवणाऱ्या वहीत नांदतो, तर दुसरा रस्त्यावर धावतो, आणि या दोहोंची गाठ पडलीच तर ती बहुधा विमा कंपनीच्या सर्व्हेअरसमोर पडते. पहिल्या देहाची निगा वाखाणण्याजोगी असते. महिनाभराच्या नोंदी महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनाने भरल्या जातात आणि प्रयोजनाच्या रकान्यात 'कार्यालयीन काम' लिहून त्याखाली पानभर 'वरीलप्रमाणे' ओढले जाते, त्यामुळे रविवारी सहकुटुंब जेजुरीला जाऊन आलेली गाडीही कागदोपत्री चाकणच्या कारखान्यातूनच परतलेली असते.

दुसऱ्या देहाबाबत 'आयजीच्या जिवावर बायजी उदार' हे धोरण सर्वमान्य आहे. फिरवताना गाडी सर्वांची असते, हवा भरायची वेळ आली की ती प्रशासन विभागाची होते, आणि ओरखडा उठला की तो गाडी उभी असतानाच कोणीतरी मारून गेलेले असते. स्टेपनीत, म्हणजे डिकीतल्या राखीव चाकात, पंक्चर होईपर्यंत हवा आहे असेच मानले जाते. मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे. खरेदी विभागाचा दंडक तीन दरपत्रकांचा आहे, आणि टायर मात्र तिसऱ्या दरपत्रकाची वाट न पाहता झिजत राहतो.

मागच्या आसनाचा विषय अधिक नाजूक आहे, कारण तेथे साहेब बसतात. त्या आसनावरही पट्टा लावणे सक्तीचे असून न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार एक हजार रुपये दंड आहे. तथापि पट्ट्याचे बक्कल पांढऱ्याशुभ्र सीट कव्हराखाली गाडलेले असते आणि ते उपसून काढणे पदाला शोभत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला व त्यांनी पट्टा लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले, तेव्हा ठिकठिकाणी बक्कलांचे उत्खनन झाले खरे. पुढे कव्हरे धुऊन आली आणि पुन्हा घट्ट बसवली गेली.

नोकराने कामाच्या ओघात केलेल्या हलगर्जीची भरपाई मालकाने द्यावयाची, या तत्त्वास कायद्यात प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. १९५२ साली उदयपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची जीप दुरुस्तीहून परत आणताना चालकाने एका पादचाऱ्यास धडक दिली व तो दगावला. आपण सरकार असल्याने आपल्यावर ही जबाबदारी येत नाही, असा राजस्थान सरकारचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये विद्यावती खटल्यात फेटाळला आणि विधवा व मुलीला मंजूर झालेली पंधरा हजारांची भरपाई कायम ठेवली. निदान ती जीप दुरुस्तीला गेली तरी होती. खासगी कंपन्यांनी या निवाड्यावर शोधलेला तोडगा म्हणजे चालकाकडून 'होणाऱ्या अपघातास मी व्यक्तिशः जबाबदार राहीन' असे हमीपत्र घेणे होय. त्यावर गाडीखाली सापडणाऱ्याची सही नसते, एवढीच काय ती त्यात उणीव.

चालक बोलतच नाहीत, असेही नाही. 'ब्रेक उशिरा लागतो' हा शेरा लॉगबुकात वारंवार आढळतो, त्यापुढे वाहन विभाग 'नोंद घेतली' असे लिहून तारखेसह सही करतो, आणि प्रकरण फारच लावून धरल्यास वर्कशॉपचा खर्च वाचवणारे परिपत्रक निघते की संबंधित चालकांनी यापुढे ब्रेक थोडा आधी दाबावा.