सशाला कायदा, कुत्र्याला पन्नास रुपये

मध्य प्रदेशात नेमावरच्या नर्मदाकाठापासून खिवनी अभयारण्यापर्यंत कुठेही कुणी कुत्रे सोडून ससा मारला, तर कायदा खडबडून जागा होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कुत्र्यांकरवी केलेला पाठलागही शिकारीतच धरला आहे. सशाचा पंचनामा होतो, जीप आणि बंदूक जप्त होते. त्याच शिकारीत कुत्र्याचा खुबा निखळला असेल, तर त्याची विचारपूस करायला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा उघडावा लागतो. तिथे एका प्राण्याला दुसऱ्याच्या अंगावर घालणे हा गुन्हा आहे, पण केवळ करमणुकीसाठी घातले असेल तरच. 'साहेब, मजा कसली, रस्सा करायचा होता' म्हणणारा आरोपी या कलमातून सुटून वन खात्याच्या हवाली होतो आणि कुत्रा दोन फायलींच्या मधे उरतो. उपाशी ठेवणे, वाऱ्यावर सोडून देणे यांनाही कलमे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. १९६० साली पन्नासात धाक असेल. आज कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही येत नाही.

जाणकार सांगतात, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आहे खरी, पण तो गुन्हा आगळिकीचा, म्हणजे जनतेचे किंवा कुणा माणसाचे नुकसान करण्याचा. स्वतःच्या पैशाने घेतलेला कारवानी जातीचा शिकारी कुत्रा लंगडा केला, तर मालकाचा वकील पहिलाच प्रश्न विचारेल: नुकसान कुणाचे? कुत्र्याचे धरत नाहीत. यात आपण एकटे नाही, हेही सांगायला हवे. स्पेनने २०२३ मध्ये मोठ्या कौतुकाने प्राणिकल्याणाचा कायदा केला आणि सत्ताधारी समाजवाद्यांच्याच दुरुस्तीने शिकारी कुत्रे त्यातून वगळले. इंग्लंडने २००४ च्या कायद्याने कोल्ह्याला वाचवले. म्हाताऱ्या शिकारी कुत्र्याला मालकाने 'माणुसकीने' गोळी घातली, तर मात्र कायद्याची हरकत नाही. युरोपीय संघाच्या करारात प्राण्यांना संवेदना असतात हे मान्य आहे, फक्त प्रदेशाच्या परंपरेचा मान राखून.

दंड वाढवला तर तो जीपवाल्याऐवजी पारध्याच्याच मानगुटीवर बसेल, हा आक्षेप मात्र टाळता येत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का सोसलेल्या जमातींवर आणखी एक तुरुंग लादून कुत्र्याची हाडे जुळणार नाहीत. पण १९६० च्याच कायद्यात कलम ३५ आहे: या कायद्याखाली खटला उभा राहिला, की दंडाधिकारी जखमी प्राणी उपचारासाठी पाठवू शकतो, खर्च मालकाकडून घेतला जातो, आणि मालक गरीब असेल तर उपचाराचा खर्च माफही करता येतो. यासाठी संसद भरवावी लागत नाही. वनरक्षकाने ससा उचलताना शेजारी बसलेला मुद्देमाल लंगडतोय एवढे पंचनाम्यात लिहिले, तरी दंडाधिकाऱ्यापर्यंत गोष्ट पोहोचते.