गजराज ओंकार यांस अनावृत पत्र

महाराज,



2025 च्या सप्टेंबरात, ऐन दाणा भरण्याच्या दिवसांत, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडून गोव्याच्या पेडणे महालात उतरून मोपा, तांबोसे, उगवे येथील भातशेतीचा आपण जो यथास्थित परामर्श घेतला, त्याची वार्ता आमच्या इब्रामपुरास पोहोचताच हर्ष मानावा की कुंपण दुरुस्त करावे, याविषयी आमचे एकमत होईना. हर्षाचे कारण उघड आहे. मोल्याच्या 107 चौरस किलोमीटरांच्या राष्ट्रीय उद्यानात शहरचे प्रवासी पदरमोड करून, दुर्बिणी गळ्यात अडकवून जातात आणि राज्यप्राणी म्हणून गौरविलेल्या गव्याचे निदान शेपूट तरी दृष्टीस पडावे या आशेने दिवस घालवून, बहुधा माकडांचे दर्शन घेऊन परततात. आमच्या महालात मात्र आपण शुल्क न आकारता बांधापर्यंत दर्शन दिलेत.

परंतु, महाराज, आपला प्रवेश सर्वस्वी बेकायदा होता, हे खेदपूर्वक नमूद करणे भाग आहे. पेडणे महाल 1788 साली सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगिजांकडे गेला, तेव्हापासून आमच्या गावाजवळून सरहद्द जाते. ती आपणांस दिसली नाही, ही सबब चालणार नाही. तिळारीचे पाणी हीच सरहद्द ओलांडून आमच्या मुलखात येते खरे. पण त्याच्यापाशी उभय राज्यांचा 1990 चा करार आहे. मोपाच्या पठारावर 2023 च्या जानेवारीपासून विमानाने उतरणाऱ्या पाहुण्यांपाशी तिकीट असते. आपल्यापाशी ना करार, ना तिकीट, ना जमिनीचा एक-चौदाचा उतारा. सबब आपल्यासाठी फटाके वाजविण्यात आले. ते आपण स्वागताचे समजला असल्यास गैरसमज दूर व्हावा. आपले जातभाई 2002 च्या सुमारास कर्नाटकाच्या रानातून दोडामार्गात आले ते कोणत्या परवान्याने, याचाही खुलासा अद्याप दप्तरी दाखल नाही.

आपल्या भोजनाची रीत मात्र पाहण्याजोगी. सोंडेने भाताचा झुबका मुळासकट उपटायचा, पायावर आपटून माती झाडायची आणि मग तो मुखात घालायचा, ही स्वच्छता शिक्षित मंडळींतही विरळा. केळ उभी चिरून तिचा तेवढा गाभा घेऊन बाकीचा पसारा आपण यजमानासाठी ठेवता. पाहुण्याच्या पावलाएवढ्या खड्ड्यांत पाणी साचते आणि आडव्या झालेल्या लोंब्या चिखलात कुजतात. मग पंचनामा होतो. हत्ती कोणत्या राज्याचा, हा प्रश्न निघाला की सरहद्दीच्या अलीकडचे पलीकडे बोट दाखवितात आणि पलीकडचे अलीकडे. उद्यानात असता तर आपण राष्ट्राची संपत्ती ठरला असता. उद्यानाबाहेर आपण कोणाचेच नाही, आणि आपल्या जेवणाचे देणे तेवढे शेतकऱ्याचे.

यास्तव नम्र अर्ज, की पुढील खेपेस आमच्या शेतात वेळ न दवडता जेथे या नुकसानीची कैफियत निद्रिस्त आहे त्या कचेरीकडे थेट प्रयाण करावे. सहीऐवजी पायाचा ठसा पुरेल. फाइल जागची हलविण्याचे बळ आम्हा मर्त्यांत नाही. आपण मात्र पोफळ समूळ उपटता, असा आपला लौकिक आहे.

कळावे, लोभ थोडा दुरून असावा.

आपला,
इब्रामपूरचा एक खातेदार