भात सोडलेला माणूस

अण्णांनी भात सोडला त्याला येत्या गणपतीत दोन वर्षं होतील. पेणमध्ये सगळे हिशेब गणपतीपासून धरतात, म्हणून हाही तसाच. त्या वर्षी मूर्तींचे टेम्पो भरायच्या गडबडीत अण्णांच्या पोटात कळ आली, सोनोग्राफी झाली आणि कागदावर उमटलं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन'.

पहिले चार दिवस स्वारी खुशीत होती. ग्रेड वन म्हणजे फर्स्ट क्लास. शेजारच्या तात्यांना ग्रेड टू निघाली तेव्हा अण्णा मुद्दाम जाऊन धीर देऊन आले, "होईल हो, पुढच्या खेपेला."

खरी पंचाईत 'लिव्हर' या शब्दाची. तो उच्चारला की आपल्याकडे लोक अंगठा तोंडाशी नेतात. अण्णांनी जन्मात थेंब घेतलेला नाही. मग डॉक्टरांनी समजावलं, की गोड आणि पिठूळ जास्त झालं, हालचाल कमी झाली, की उरलेल्या साखरेची चरबी करून लिव्हर ती आपल्याच पेशींत कोंबून ठेवतं. त्याला दारू लागत नाही. 2023 साली तर जगभरच्या लिव्हरतज्ज्ञांनी या दुखण्याच्या नावातून 'अल्कोहोल' हा शब्दच काढून टाकला. अण्णांच्या मते हे त्यांच्या तक्रारीवरून झालं.

"भात कमी करा," डॉक्टर म्हणाले. अण्णांना कमी करणं जमत नाही, त्यांचा स्वभाव एक घाव दोन तुकड्यांचा. त्यांनी भात सोडला.

तेव्हापासून सकाळी पोहे. पेणचेच, पातळ, वर खोबरं. "हलका आहार." दुपारी भात नाही म्हणून तांदळाच्या भाकऱ्या, तीन, सुकटीबरोबर चौथी आपसूक जाते. सोबत पोह्याचे पापड, कारण पापड काही जेवण नव्हे. चार वाजता घावन. चतुर्थीला उकडीचे मोदक, आणि नैवेद्याला नाही म्हणणारे अण्णा कोण? रात्री पेज, पचायला बरी. एकदा मी धीर करून म्हटलं, "अण्णा, हे सगळं तांदूळच की!" त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मीच ओशाळलो. "अरे, भात शिजवतात. पोहे कांडतात. प्रक्रिया वेगळी."

बहीण रोह्याला. महिन्यातून एकदा दिवा–रोहा गाडीत बसून अण्णा तिच्याकडे पथ्य पाळायला जातात. कासू जाईपर्यंत समोरच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला स्वतःचं लिव्हर समजावून झालेलं असतं. नागोठण्याला त्याच्या लिव्हरकडे वळतात. रोह्याला दारातूनच हाक, "ताई, भात टाकू नकोस गं!" ताई शहाणी. ती आधीच शेवया गाळून, नारळाचा रस काढून बसलेली असते. त्यावर दोन पेले कोकम सरबत. कोकम पित्तावर चांगलं, आणि त्यातल्या चार चमचे साखरेचं नाव कोणी काढत नाही.

डॉक्टरांनी कंबर मोजायला सांगितली होती. आपल्याकडच्या पुरुषाची नव्वद सेंटिमीटरच्या आत हवी. अण्णा म्हणाले, "माझी चौतीस इंच. तीस वर्षं तोच नंबर." खोटं नाही. पँट चौतीसचीच आहे. ती पोटाखालून जाते आणि पोट तिच्यावरून पुढे येतं, गणपतीच्या मखरासारखं. काकूंनी बेंबीवरून टेप धरली तेव्हा आकडा एकशे चारवर थांबला. अण्णांनी टेप जुनी असल्याचं दाखवून दिलं. त्यांचं वजन चौऱ्याऐंशी. त्यातलं सात ते दहा टक्के, म्हणजे सहा ते आठ किलो उतरलं तर लिव्हर बरंचसं मोकळं होतं. हे त्यांना तोंडपाठ आहे. ते ऐकवताना त्यांचा आवाज घोगरा होतो.

पोटात गुडगुड झाली की मात्र अण्णा लगेच लिव्हरवर हात ठेवतात, तोही चुकून डाव्या बाजूला. बिचारं लिव्हर उजवीकडे बरगड्यांखाली मुकाट बसलेलं. त्यात चरबी साठली तरी सहसा ते हूं का चूं करत नाही. गुडगुडीचा बोलविता धनी वाल. वालातली काही साखर लहान आतड्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या पंक्तीला जाते, आणि ते जेवून ढेकर दिल्यासारखा वायू सोडतात. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर अण्णांनी वाल सोडले का? छे! "वाल सोडायला मी काय घाटावरचा आहे?"

परवा थंडी पडली आणि रात्री साडेनऊला फोन. "ये लवकर, पोपटी लावलीय." गेलो. अंगणात पेंढ्याचा जाळ, मडकं उलटं, भांबुर्ड्याचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आलेला. मडकं फुटलं, तशा वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी परातीत वाफाळत पडल्या. अण्णांनी उकिडवं बसून पहिली शेंग सोलली.

"निर्धास्त खा," ते मला म्हणाले, "तेल नाही, पाणी नाही. भाताचं तर शीतसुद्धा नाही."

आणि आत वळून ओरडले, "अगं, चार भाकऱ्या आण गं याच्याबरोबर!"