मातीच्या बैलाची हजेरी

पोळा जवळ आला, की नरडाण्यासारख्या खानदेशी गावातही रंगविलेल्या मातीच्या बैलांची छायाचित्रे काढण्याचा जो नवा दस्तूर पडला आहे, त्यात चार बोटे उंचीच्या त्या निरुपद्रवी जनावरावर मोबाइलचा झोत समोरून असा काही सोडला जातो, की फौजदारापुढे उभ्या केलेल्या संशयितालाही त्याची कीव यावी. परिणामी चकचकीत तैलरंगावरची झुलीची नक्षी आणि कारागिराने बारीक कुंचल्याने रेखलेला डोळा बेपत्ता होऊन कपाळी एक पांढरा डाग तेवढा शिल्लक राहतो. आणि मालक तो ‘चमक’ म्हणून मिरवतो.

वास्तविक याच खानदेशात, चाळीसगावी, केकी मूस (निधन १९८९) यांनी टेबलावर क्षुल्लक वस्तू मांडून, प्रकाशाच्या तजविजीने, पाहणाऱ्यास विस्तीर्ण निसर्गाचा भास व्हावा अशी छायाचित्रे सिद्ध केली. परंतु त्यांचा कित्ता गिरवावयाचा म्हणजे धीर हवा, आणि तो कोणत्याही दुकानात हप्त्याने मिळत नाही.

बाकी सरंजाम फुटकळच आहे : फ्लॅश बंद, दोहों बाजूंस तिरपा एकेक दिवा, त्यांच्यापुढे ट्रेसिंग पेपर किंवा जुने मलमल, सावलीकडे पांढरा पुठ्ठा, आणि शिंगापासून शेपटीपर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून कॅमेऱ्याचे छिद्र एफ/११ च्या आसपास. दिवे मात्र एकाच जातीचे असावेत. एक पिवळा व दुसरा पांढरा असल्यास अर्धा बैल पिवळा पडतो. रिंग लाइट घेण्याचा बेत असेल, तर तो रहित करावा. त्याचे कडे बैलाच्या डोळ्यात हुबेहूब उमटते.