सोन्याच्या घरातले फुकटे

पावसाळा सरता सरता सह्याद्रीच्या जंगलात कुणी आग्रहाने ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणालं, तर हुरळून जाऊ नये. मागच्यांना तुमच्याविषयी आदर नसतो, वाटेवरच्या जाळ्यांची धास्ती असते. जायंट वुड स्पायडर या कोळ्याचं जाळं म्हणजे माळ्यावरची जळमटं नव्हेत. टोपीला अडकलं की चक्क मागे ओढतं. आणि उन्हात धरलं तर धागा अस्सल सोनेरी!

मालकीणबाई जाळ्याच्या मधोमध, डोकं खाली करून. नुसतं अंगच तीन ते पाच सेंटिमीटर, शिवाय लांबलचक काळे पाय. फाब्रिशियस या शास्त्रज्ञाने 1793 मध्ये तिची शास्त्रात नोंद केली. आजचं नाव नेफिला पिलिपेस. तिच्या वरच्या अंगाला जो तांबूस कचरा दिसतो, ते यजमान. उंची पुरी पाच-सहा मिलिमीटर. बाई वजनाने त्यांच्या शंभरपट. एवढ्या फरकात बेबनाव झाला तर भांडण होत नाही, थेट जेवणच होतं. म्हणून हा गृहस्थ तिच्या पाठीवर चढून बारीक धागे पसरत राहतो. शास्त्रज्ञांनी प्रयोग करून पाहिलं : पाठीवर असा हात फिरला की बाई निवळतात. आमच्या आळीतल्या कुठल्याही आजोबांनी हे विनाअनुदान सांगितलं असतं.

मला मात्र खरं कौतुक पोटभाडेकरूंचं. आर्जायरोडिस नावाचे चिमुकले, चंदेरी कोळी याच जाळ्याच्या कडेला बिऱ्हाड थाटतात. भाडं नाही, मेंटेनन्स नाही. जी चिलटं बाईंच्या खिजगणतीतही नसतात, ती हे गट्टम करतात. धीर चेपला की तिने गुंडाळून ठेवलेला ऐवजही पळवतात. सोसायटीच्या मीटिंगला अर्थातच गैरहजर.

तिकडे मादागास्करमध्ये या बाईंच्या चुलतबहिणींना पकडून, अंगातून धागा ओढून काढून पुन्हा सोडून देत. दहा लाखांहून अधिक कोळ्यांच्या धाग्यातून एक झगा विणला. रंग न लावता सोनेरी. 2012 मध्ये तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये मांडला होता. मी हे घरी वाचून दाखवलं.

‘‘झग्याला दहा लाख, मग नऊवारीला किती?’’ बायको हिशेबाला लागली.

‘‘काठ-पदराचे वेगळे धर गं,’’ आतून आई म्हणाली.