कलमकाका

आमच्या निगडी प्राधिकरणातलं कुठलंही भांडण पोलीस चौकीच्या आधी कलमकाकांकडे जातं. काका वकील नाहीत. पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये जन्म गेला. युनियनपायी कामगार न्यायालयाच्या बाकांवर इतके बसले, की कायदा कपड्यांना चिकटून घरी आला. आता तो सकाळी टपरीवर, कटिंगबरोबर फुकट मिळतो.

पहिला प्रश्न ठरलेला : "लेखी आहे का?" पोराचं लग्न जमलं म्हणून पेढे द्यायला जा, पेढा तोंडात टाकून विचारतील, "वा! लेखी आहे का?" मी एकदा शिडी मागायला गेलो, तर तारखेनिशी पोच लिहून घेतली. शिडीला नऊ पायऱ्या आहेत, हेही तीत होतं.

घरभाड्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतोच, "अकराच महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?" काका कप खाली ठेवतात. कप खाली ठेवला की समजायचं, कलम येणार. "महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. कलम 55. अकरा महिने असोत नाहीतर अकरा दिवस, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा. जबाबदारी घरमालकाची. नसेल केला, तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या, तुम्ही खोट्या ठरवेपर्यंत!" टपरीवरचे निम्मे घरमालक एकदम मोबाइलमध्ये डोकं घालतात.

त्यांच्यावर खरा घाला पडला तो 1 जुलै 2024 ला. भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. खुनाचं 302 झालं 103, फसवणुकीचं 420 जाऊन बसलं 318 मध्ये. सगळं पाठांतर एका रात्रीत रद्दीत. आठवडाभर काका फिरकले नाहीत. आले ते नवी वही घेऊन आणि सुतकी चेहऱ्यानं. "आता माणसाला शिवी तरी काय द्यायची हो? 'तीनशे अठरा आहेस लेका', यात काही दम आहे?"

रविवारी चाकणकडची पोरं येतात. मराठवाड्यातली, विदर्भातली, महाळुंग्याला एका खोलीत सहा जण, ठेकेदाराकडे कामाला. "काका, दोनशे चाळीस दिवस भरले की पर्मनंट ना?" इथं काकांचा आवाज उतरतो. "नाही रे बाबा. वर्षात 240 भरले की नोकरी सलग धरतात. मग कपात करायची तर महिन्याची नोटीस, आणि दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार. म्हणून तर भरायच्या आत ब्रेक देतात." मग पगाराच्या स्लिपा, गेटपास, पीएफचं पासबुक, एकेक कागद मांडून बघतात. "उद्या म्हणतील, हा इथं नव्हताच. पासबुकात महिने आहेत, जपून ठेव." पोरांच्या चहाचे पैसे काकाच देतात. त्याची पोच मात्र घेत नाहीत.

मागच्या महिन्यात मला आणि टपरीवाल्याला घरी बोलावलं. मृत्युपत्र होतं, साध्या कागदावर.

"स्टॅम्पपेपर नको?"

"नको. नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदार, बस्स."

मी जरा मान वाकडी केली, तर मजकुरावर काकांचा पंजा. "साक्षीदारानं सही बघायची, इस्टेट नाही."

त्यांनी आमच्यादेखत सही केली, मग आम्ही दोघांनी केली. आतून काकूंचे पोहे आले. निघताना मी सवयीनं पेन खिशाला लावलं.

"ते पेन तुम्हाला दिल्याचं," काका म्हणाले, "लेखी आहे का?"