राजापेठेत ठिपक्यांचं खूळ

ऐकलंत ना? कोणाच्या प्लॉटची रजिस्ट्री कोणी केली, कोणाची सून माहेराहून आलीच नाही, हे विषय अमरावतीच्या राजापेठेत सध्या कोणी काढतच नाही. गिला वड्याच्या गाडीवर, दळणाच्या रांगेत, उड्डाणपुलाखाली गाडी थांबली तेवढ्यातसुद्धा एकच कुजबुज: शिकलीसवरलेली, पगारदार, लेकराबाळांची माणसं रात्री जेवणं आटोपली की मारिओ खेळतात. हो, तोच. टोपीवाला, मिशीवाला, कासवांच्या पाठीवर उड्या मारणारा.

अहो, खिशात पंचवीस हजारांचा फोन आहे. गवताचं पातंन् पातं हलताना दिसेल असे गेम त्यात फुकट मिळतात. पण यांना हवा तो चौकोनी ठिपक्यांचा बुटका, ज्याला धड बोटंसुद्धा नाहीत. लेकरांनी अभ्यास बुडवून खेळावं अन् बापानं कान पिळावा, ही रीत. इथं पोरगी बारावीचा अभ्यास करते आणि बाप आठव्या दुनियेत मेला म्हणून उशी फेकतो. एका घरची माय सांगत होती, "पोट्टी म्हणते, बाबा आवाज कमी करा, मले फिजिक्स समजून नाही रायलं. अन् हे म्हणते, पाच मिनिटं थांब वं, राजवाडा आला!" हे राजवाड्याचं प्रकरणही विचारून घेतलं. सात राजवाडे पालथे घालायचे, प्रत्येकात कळतं की राजकुमारी दुसरीकडेच आहे, आणि ती भेटते आठव्यात. एवढ्या चकरा सातबाऱ्यासाठीही माराव्या लागत नाहीत, असं म्हणणार होते, पण जाऊ द्या.

खुळाची पुढची पायरी भंगारवाल्याला विचारा. ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉनचे फुगीर काचेचे टीव्ही लोकांनी दिवाळीच्या आवराआवरीत देऊन टाकले होते. आता तीच माणसं स्कूटरवर येऊन हळूच विचारतात, "भाऊ, ट्यूबवाला टीव्ही हाये का? चालू?" भंगारवाल्याला आधी चेष्टा वाटली. आता तो किलोवर देत नाही, नगावर देतो.

कारण असं की बदकं मारायची ती प्लॅस्टिकची बंदूक सपाट टीव्हीवर चालतच नाही. खटका दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड आपल्याला दिसला का एवढंच तपासतो. म्हणजे गोळी बंदुकीतून टीव्हीत जातच नव्हती, उजेड टीव्हीतून बंदुकीत येत होता! जुन्या काचेवर हे लगोलग व्हायचं. सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतो आणि तेवढ्यात हिशेब चुकतो. इतकं समजल्यावर तरी माणसानं नाद सोडावा की नाही? नाही. "म्हणूनच त ट्यूब पाहिजे!"

आता खरी भानगड ऐका. ज्या बालपणाच्या नावानं हा सगळा गळा काढणं चाललंय, ते बालपणच डुप्लिकेट निघालं. निन्टेन्डोचा 'फॅमिली कॉम्प्युटर' जपानात १५ जुलै १९८३ ला विक्रीला आला. आपल्याकडे नव्वदीत जे आलं ती बहुतेक त्याची नक्कल. कोणाकडे मीडिया, कोणाकडे लिटल मास्टर, कोणाकडे नावच नसलेलं खोकं. त्यावर खोचायची ती पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं '९९९९९९९ इन १'. आत गेम निघायचे थोडेसे; तेच नाव बदलून, कधी तिसऱ्या तर कधी पाचव्या स्टेजपासून सुरू करून पुन्हा पुन्हा यादीत घुसवलेले. बाजारात एवढी उघड फसवणूक झाली आणि एका बापानं बोभाटा केला नाही. गेम पार्लरमध्येही तीच तऱ्हा. ज्या गेमला आपण सगळे 'मुस्तफा' म्हणायचो, त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. कॅपकॉमनं १९९३ मध्ये काढलेला. मुस्तफा हा त्यातल्या चार हिरोंपैकी एक. पण बोर्डावरचं इंग्रजी वाचायला वेळ कोणाला होता?

आणि कॉन्ट्राचा तो मंत्र. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. तीस जीव. मोठी पोट्टी हा मंत्र लहानांना गोट्या घेऊन द्यायची. त्याचा उगम कळला आणि हसावं की रडावं समजेना. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये 'ग्रेडियस' घरच्या यंत्रावर आणत होते. तपासायला बसले, तर गेम इतका अवघड की त्यांना स्वतःलाच जमेना. म्हणून त्यांनी स्वतःसाठी ही चोरवाट ठेवली, आणि ती आत तशीच राहून गेली. म्हणजे करणाऱ्यालाच खेळ झेपेना म्हणून निघालेला मंत्र आपण परीक्षेच्या आदल्या दिवशी कॉन्ट्रात घोकत होतो.

राजापेठेत आता यावरून दोन तट पडलेत. जुने गेम हल्ली लॅपटॉपवर चालतात, आणि तिथं पाहिजे त्या क्षणी खेळ जसाच्या तसा जपून ठेवता येतो. एक तट म्हणतो, सोय आहे, वापरा. दुसरा म्हणतो, हे पाप आहे. कारण मूळ मारिओत साठवायची सोयच नव्हती, आणि वऱ्हाडातलं लोडशेडिंग कोणाचं ऐकत नव्हतं. आठव्या दुनियेत लाइन गेली की पुन्हा पहिल्या विटेपासून. "आमी लाइन येईपर्यंत यंत्राले हात लावू देत नव्हतो कोनाले," असं या दुसऱ्या तटाचे पुढारी अभिमानानं सांगतात. लाइन गेल्यावर यंत्राला हात लावला काय अन् न लावला काय! पण श्रद्धेपुढं कोण बोलणार?

तरी खरं सांगते, त्यांच्यापैकी एकाला बोलता केलं आणि माझीच पंचाईत झाली. मारिओला मिशी का, तर १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये गेम रचणाऱ्या शिगेरु मियामोतोंकडे ठिपकेच इतके कमी होते की नाक कुठं संपतं आणि तोंड कुठं सुरू होतं ते दाखवता येईना. मिशी लावली, प्रश्न मिटला. केस काढता येईनात, टोपी घातली. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे, फक्त रंग वेगळा. आम्ही इतकी वर्षं पाहिलं, कोणाला दिसलं नाही. आणि कॉन्ट्रात गर्दी झाली की माणसं लुकलुकायची, आपण कॅसेट काढून फुंकर मारायचो, ती कॅसेटची घाण नव्हतीच. एका आडव्या ओळीत आठाहून जास्त हलती चित्रं ते यंत्र दाखवूच शकत नव्हतं, म्हणून आळीपाळीनं दाखवायचं. सगळा मारिओ मिळून ४० किलोबाइट. सासूबाई रोज पाठवतात तो गुलाबाचा 'शुभ सकाळ' याहून जड असतो.

पण थांबा, सगळ्यात चवदार प्रकरण पुढंच आहे. एक गृहस्थ, नाव घेत नाही, साईनगरच्या बाजूला राहतात. गावाकडं बऱ्यापैकी वावर. ते दिलं ठेक्यानं, आणि साहेब इथं पंखा लावून लॅपटॉपवर शेती करतात! 'स्टारड्यू व्हॅली' म्हणून गेम आहे, जुन्या वळणाच्या ठिपक्यांत काढलेला. सिएटलच्या एरिक बरोननं एकट्यानं केला. चित्रं त्याची, गाणी त्याची, कोड त्याचा. साडेचार वर्षं घालवली, मधल्या काळात थिएटरात लोकांना खुर्च्या दाखवायचं काम करत होता. २०१६ मध्ये बाहेर आला आणि २०२४ च्या अखेरीस ४ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. बरं, शेती तरी कशी? माल संध्याकाळी दारातल्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे जमा. अडत नाही, हमाली नाही, ओलावा जास्त म्हणून कटती नाही. भाव ठरलेला. बोंडअळी नाही, कारण कपाशीच नाही. कावळे तेवढे येतात, बुजगावणं रोवलं की तेही गप्प. त्यांच्या घरचं माणूस मात्र भडकलंय. "खऱ्या वावराले रात्रीच्या लाइनीत पाणी द्याले हे कधी गेले नाही. अन् अठी रोज सकाळी सहाले उठून झारीनं एकेका झाडाले पाणी घालते!" गेममधला दिवस सहाला उजाडतो, हे तिला सांगायची कोणाची छाती नाही. मला विचाराल तर गृहस्थांची चूक एवढीच की त्यांनी हे दाराची कडी न लावता केलं. भाव ठरलेला असेल तर वऱ्हाडात कोण शेती करणार नाही?

खेळण्यापर्यंत ठीक होतं हो. आता करायलाही लागलेत. आमच्या गल्लीतला इंजिनीअरिंगचा पोट्टा 'पिको-८'वर बसलेला असतो. हे यंत्र खरं म्हणजे नाहीच. जोसेफ व्हाइट नावाच्या माणसानं कल्पनेत रचलेलं जुनं यंत्र, जे फक्त कॉम्प्युटरच्या आत राहतं. पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग सोळा, अख्खा गेम ३२ किलोबाइटच्या कॅसेटीत बसवायचा. कोणी सक्ती केली नाही, स्वतःच स्वतःचे हात बांधून घ्यायचे! पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला, तो बिचारा डोळे भरून पाहण्यासारखा तरी होता, नातेवाइकांना दाखवता यायचा. यावर पोट्ट्याचं उत्तर तयार: 'सेलेस्ट' हा गेम दोघांनी याच पिको-८वर चार दिवसांत उभा केला, पुढं २०१८ मध्ये त्याचाच मोठा गेम होऊन जगभर गाजला. आणि सोळा रंगांत एक झकास नारिंगी आहे, अमरावतीकराला आणखी काय पाहिजे?

त्यानं काढलाय शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यतीचा गेम. आधी बैल आठ बाय आठ ठिपक्यांत बसवला. तळेगाव दशासरचा पट पाहून केस पांढरे झालेले एक आजोबा मुद्दाम बोलावले. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "बकऱ्या काऊन पळून रायल्या बे?" मग सोळा बाय सोळा. तरी वशिंड कुठाय, शिंगं अशी असतात का, धुरकरी बसलाय का पडलाय, तास दीड तास झडती चालली. शेवटी आजोबा म्हणाले, "सुप्रीम कोर्टानं तेवीस साली शर्यतीले हो म्हटलं. आता तुह्या गेमनं बंदी आणू नोको." पण उठले नाहीत. चार डाव खेळले, चारी हरले, आणि आपला डावा बैल मुद्दाम ढिला ठेवलाय असा आरोप करून गेले.

आता वाद पेटलाय तो गावांच्या नावांवरून. पिको-८च्या ठेवणीत देवनागरी नाही, म्हणून पोट्ट्यानं अख्खी बाराखडी ठिपका ठिपका ठेवून स्वतः काढली. प्रत्येक स्टेजला एक गाव. वरुड बसलं, तिवसा बसलं, अचलपूर, चिखलदरा बसलं. मोर्शी आणि दर्यापूर बसेनात. रफार द्यायला वर जागाच उरत नाही. त्यानं दोन्ही गावं गाळली, आणि गल्लीत मोर्शीच्या काकू राहतात, दर्यापूरच्या मावशीही राहतात. मावशी गरजल्या, "रफार बसत नाही त मोठा टीव्ही लाव न बे, बेचाळीस इंची!" त्यानं परोपरीनं समजावलं की टीव्ही भिंतीएवढा आणला तरी ठिपके तेवढेच. काकू तोवर गप्प होत्या. त्यांनी स्टेजांची यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि शांतपणे विचारलं, "अन् बडनेऱ्याले दोन स्टेज कसे देल्ले?"